ओंडक्याकडे जाणारी करवत : प्रस्तावना

लाकूड चिरण्याच्या उद्योगात चिरण्यावर जितके श्रम खर्च होतात तितकेच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, ओंडका करवतीपर्यंत नेण्यावर खर्च होतात. दोन फूट व्यासाचा आणि दहा फूट लांबीचा आंब्याचा ओला ओंडका एकतीस घनफुटांहून थोडा अधिक भरतो आणि त्याचे वजन आठशे किलोच्या घरात जाते. तो बागेतून रस्त्यापर्यंत ओढायचा, गाडीत चढवायचा, वखारीत उतरवायचा, आणि एवढे करून त्यातला मोठा भाग साल, बाजूच्या खापा आणि भुसा या रूपाने तिथेच सोडून यायचे, हा व्यवहार एक-दोन झाडे असलेल्या माणसाला सहसा परवडत नाही. म्हणून बांधावर किंवा परसात पडलेले चांगले झाड जळणासाठी तोडले जाते, आणि ज्या खोडातून दारे, फळ्या, वासे निघाले असते त्याच्या ढलप्या होतात. ओंडका करवतीकडे नेण्याऐवजी करवतच ओंडक्याकडे नेता आली तर हे नुकसान टळते, हा फिरत्या आरागिरणीमागचा मूळ विचार होय. आरागिरणी म्हणजे गोल लाकडापासून चौकोनी माल काढणारी यंत्रशाळा. ती फिरती झाली म्हणजे तिचे सर्व भाग एका गाडीवर किंवा दोन-तीन माणसांना उचलता येतील अशा तुकड्यांत मावतात आणि ती झाडाशेजारीच उभी राहते.

तसे पाहिले तर ही कल्पना नवी नाही, ती यंत्रयुगाच्या आधीची आहे. खड्ड्यावर किंवा लाकडी घोडीवर ओंडका आडवा टाकून, एक माणूस वर उभा राहून आणि दुसरा खाली भुशात उभा राहून दोघांनी लांब करवत ओढण्याची पद्धत भारतात आणि युरोपात शतकानुशतके चालत आली, आणि ती करवत खांद्यावर टाकून गावोगाव फिरणारी होती. पाण्याच्या आणि वाऱ्याच्या शक्तीवर चालणाऱ्या गिरण्या आल्या तेव्हा वेग वाढला, पण करवत एका जागी खिळली. हॉलंडमध्ये कोर्नेलिस कोर्नेलिसझोन याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्कीला करवती जोडल्या, त्या चक्कीपर्यंत लाकूड पाण्यावरून तरंगत आणावे लागे. अठराव्या शतकात गोल करवतीचे पाते आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने अखंड पट्टीच्या करवतीचा हक्क नोंदवला. पट्टा-करवत, म्हणजे ज्याला आज सर्वत्र बँडसॉ म्हणतात ती, दोन चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्टीची असते; पट्टीच्या एका कडेला दात असतात आणि तिची दोन टोके जोडून कडे केलेले असते. न्यूबेरीची कल्पना बरोबर होती, पण तो जोड टिकत नसे, पट्टी वळताना तिथेच तुटे. हा प्रश्न फ्रान्समधील आन पोलीन क्रेपँ या स्त्रीने सोडवला. टोके जोडण्याच्या तिच्या पद्धतीला 1846 मध्ये हक्क मिळाला आणि तो पॅरिसच्या पेरँ कंपनीने घेतल्यावर पट्टा-करवत खऱ्या अर्थाने कारखान्यात आली. प्रस्तुत विषयाच्या इतिहासात हा जोड सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आजच्या घरगुती आरागिरणीचे पाते तुटायचे झाले तर पुष्कळदा तिथेच किंवा त्याच्या आसपास तुटते.

हलकी, गाडीवर बसणारी, पेट्रोलच्या इंजिनावर चालणारी पट्टा-करवत सर्वसाधारण शेतकऱ्याच्या आवाक्यात आली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात, मुख्यतः उत्तर अमेरिकेत. इंडियाना राज्यात 1982 साली सुरू झालेल्या वुड-मायझर या कंपनीचे नाव या संदर्भात सर्वांत परिचित आहे. शेताला लागून स्वतःची झाडी असणे, कोठारात वेल्डिंगचे यंत्र आणि जुन्या यंत्रांचे सुटे भाग पडलेले असणे, आणि दूरच्या गिरणीकडे जाण्याचा खर्च मोठा असणे, या तीन गोष्टी तिथे एकत्र आल्या आणि विकतची गिरणी पाहून घरीच तशी बांधून घेणाऱ्यांची एक परंपरा तयार झाली. चारचाकीची चाके, ट्रॉलीचा आस, जुन्या जनरेटरचे इंजिन, पलंगाच्या चौकटीचे अँगल अशा वस्तूंतून उभ्या राहिलेल्या या गिरण्या दिसायला ओबडधोबड असल्या तरी त्यांच्यामागचे यंत्रशास्त्र नेमके आहे, आणि ते समजून न घेता केवळ आकार पाहून बांधलेली गिरणी लाकूड वाया घालवते, शिवाय माणसाला इजाही करते.

घरी बांधता येण्याजोगे तीन प्रकार आहेत. पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे चेन सॉला, म्हणजे साखळी-करवतीला, एक चौकट जोडून ती ओंडक्यावर बसवलेल्या सरळ शिडीवरून ढकलत नेणे; यात इंजिन आणि करवत आधीच तयार असते, बांधायची ती फक्त चौकट. मात्र साखळी-करवत झाड आडवे तोडण्यासाठी बनवलेली असते आणि तिच्या दातांची धार साधारण 30 अंशांच्या कोनात घासलेली असते. रेषांच्या दिशेने, म्हणजे खोडाच्या लांबीतून उभे चिरायचे असेल तर तो कोन 10 अंशांच्या आसपास आणावा लागतो, नाहीतर यंत्र रडतखडत चालते आणि फळीचा पृष्ठभाग खरबरीत निघतो. दुसरा प्रकार गोल पात्याचा, ज्यात एकच पाते आधी आडवे आणि मग उभे वळवून ओंडक्यातून थेट चौकोनी तुकडा काढता येतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तो विशेष रुजला आहे, पण वेगाने फिरणारे उघडे जड पाते घरगुती कारागिरीने सुरक्षित करणे अवघड असल्यामुळे नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तिसरा प्रकार पट्टा-करवतीचा.

या तिहींतला मुख्य भेद छेदरुंदीत आहे. छेदरुंदी म्हणजे करवत जाताना भुसा होऊन नाहीशी होणारी लाकडाची जाडी. साखळी-करवतीची छेदरुंदी 9 मिलिमीटरच्या आसपास असते, गोल पात्याची सहा-सात मिलिमीटर, आणि पातळ पट्टीची सुमारे 2 मिलिमीटर, म्हणजे सुतारांच्या भाषेत एका सुताहूनही कमी. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण 30 सेंटिमीटर उंचीच्या चौकोनी ठोकळ्यातून 25 मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या असतील तर पट्टीने अकरा निघतात आणि साखळीने नऊ. बाकीच्या दोन फळ्या भुशाच्या ढिगात जातात. शिवाय छेद जितका रुंद तितके इंजिन मोठे आणि इंधन जास्त. त्यामुळे साखळीची चौकट बांधायला स्वस्त असली तरी वर्षभर चालवायला ती महाग पडते, आणि ज्याला चार-दोन ओंडक्यांपुरतेच काम आहे त्याच्यासाठीच ती योग्य म्हणता येईल. पुढील विवेचन या कारणाने प्रामुख्याने पट्टा-करवतीचे आहे.

पट्टा-करवतीच्या गिरणीचे दोन भाग असतात : ओंडका ज्यावर स्थिर बसतो तो पाट, आणि त्या पाटाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांवरून पुढे-मागे सरकणारा माथा, ज्यात चाके, पाते आणि इंजिन असते. माथ्यातली चाके साधारण 48 सेंटिमीटर व्यासाची घेतात. त्यांच्या खाचेत बी आकाराचा व्ही-बेल्ट बसवला की पोलादी पाते रबरावरून फिरते आणि दातांना लोखंडाचा स्पर्श होत नाही. इतक्या व्यासाची चाके मिनिटाला एक हजार फेरे घेऊ लागली की पाते मिनिटाला सुमारे 1,500 मीटर धावते, आणि हा वेग लाकडासाठी योग्य आहे. इंजिन मिनिटाला 3,600 फेऱ्यांचे असेल तर पुल्यांचे प्रमाण साडेतीन पटींच्या आसपास ठेवावे लागते. इथपर्यंतचे गणित कोणताही टर्नर सहज करतो. खरा प्रश्न पात्याच्या आयुष्याचा आहे, आणि त्याकडे घरी बांधणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष जाते.

मोठ्या आरागिरण्यांत जुना संकेत असा की पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त असू नये, म्हणून तिथली चाके चार-चार, पाच-पाच फुटांची असतात. फिरत्या गिरणीत हा संकेत पाळताच येत नाही. 48 सेंटिमीटरच्या चाकावर एक मिलिमीटरहून किंचित जाड पाते चढवले की ते प्रमाण साडेचारशेव्या भागावर येते, म्हणजे पाते संकेताच्या दुपटीहून अधिक वाकवले जाते. चार मीटर परिघाचे पाते मिनिटाला 1,500 मीटर धावते तेव्हा ते मिनिटाला पावणेचारशे फेरे घेते, प्रत्येक फेऱ्यात दोन चाकांवर दोनदा वाकते आणि दोनदा सरळ होते, आणि तासाभरात हे वाकणे पंचेचाळीस हजार वेळा घडते. पोलादाच्या या थकव्यामुळे दोन दातांमधल्या खोबणीच्या तळाशी केसासारखी बारीक भेग पडते. ती डोळ्यांना चटकन दिसत नाही, पण पाते सावकाश हाताने फिरवून उजेडात धरले तर ती दिसते, आणि ज्याला ती पाहण्याची सवय लागली त्याची पाती चालत्या कामात क्वचितच तुटतात. काम संपल्यावर पात्याचा ताण सैल करून ठेवण्याची जी शिस्त सर्व जाणकार सांगतात तिचेही कारण हेच की, चाकावर वळलेल्या अवस्थेत ताणून ठेवलेले पाते न फिरताही शिणत राहते.

ताण हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्यायचा आहे. सव्वा इंच रुंदीच्या पात्याच्या वरच्या आणि खालच्या प्रत्येक धावेत चार-पाचशे किलोंची ओढ असते, आणि चाकाच्या आसावर तिच्या दुप्पट. म्हणजे ज्या आसावर, बेअरिंगवर आणि आटेदार दांड्यावर हे चाक तोललेले आहे त्यांना जवळजवळ एक टनाचा भार सतत सोसावा लागतो, आणि तोही न लवता. चौकट किंचित जरी पिळली तरी दोन्ही चाकांची पातळी बिघडते आणि पाते पुढे किंवा मागे घसरू लागते. पातळ पत्र्याच्या चौकोनी नळीऐवजी जाड चॅनलचा माथा करावा असा आग्रह धरला जातो तो याच कारणाने. पाते ओंडक्यात शिरते त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मार्गदर्शक रोलर असतात. ते पात्याला साधारण दोन सूत खाली दाबून धरतात, आणि त्यांची मागची कड पात्यापासून सूतभर किंवा त्याहून थोडी कमी दूर असते, म्हणजे रिकामे फिरताना पाते तिला घासत नाही आणि ओंडका रेटला गेला की तिथे टेकते. हे रोलर ओंडक्याच्या जितके जवळ आणता येतील तितका छेद सरळ जातो.

पाटाबद्दल सांगण्यासारखे एकच आहे, पण त्यावर सगळी गिरणी अवलंबून आहे : रूळ सरळ हवेत. माथा रुळावरून जातो, म्हणून रुळाचा प्रत्येक चढ-उतार फळीवर जसाच्या तसा उमटतो. रूळ मधे दोन मिलिमीटर लवला असेल तर त्या गिरणीतून निघालेली एकूण एक फळी तशीच निघेल, आणि रंधा मारून ती सरळ करताना पातळ पात्याने वाचवलेले लाकूड पुन्हा भुशात जाईल. वेल्डिंगने लोखंड ओढले जाते आणि थंड होताना वाकते, हे प्रत्येक वेल्डरला ठाऊक असते, म्हणून आडव्या पट्ट्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओळीने न जोडता आलटून पालटून, थोडे थोडे टाके घालत जोडाव्या लागतात. रूळ तपासायला महागडे साधन लागत नाही. एकाच मापाचे तीन लोखंडी ठोकळे घ्यावेत, दोन रुळाच्या दोन टोकांना ठेवून त्यांच्यावरून पातळ तार घट्ट ताणावी, आणि तिसरा ठोकळा तारेखालून रुळावर सरकवत न्यावा. जिथे तो तारेला उचलतो तिथे रूळ उंच आहे, जिथे तार आणि ठोकळा यांच्यात फट दिसते तिथे तो लवलेला आहे, आणि ती फट कागदाच्या घड्या सरकवून मोजता येते. दोन्ही रूळ असे सरळ झाल्यावर पाणसळ आडवी ठेवून ते एकमेकांशी समपातळीत आणायचे. या कामाला एक अख्खा दिवस दिला तरी तो वाया गेला असे समजू नये.

यंत्र उभे राहिले तरी लाकूड वाचण्याची विद्या वेगळी राहतेच. झाडाचे खोड हे एकजिनसी द्रव्य नव्हे. मधे गाभा, त्याभोवती पक्के लाकूड, बाहेर रस वाहणारा फिकट थर आणि मग साल अशी त्याची रचना असते, आणि सुकताना ते वर्तुळाच्या दिशेने जितके आकसते त्याच्या सुमारे निम्मेच त्रिज्येच्या दिशेने आकसते. फळीला बाक येणे, ती पिळणे, टोकाला फुटणे हे सगळे याच असमानतेतून घडते. नुसत्या आडव्या छेदांनी ओंडका कापत गेले तर रुंद आणि सुंदर नक्षीच्या फळ्या मिळतात, पण त्यांना बाक येण्याचा धोका अधिक. ओंडक्याचे उभे चार भाग करून प्रत्येकातून गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेने फळ्या काढल्या तर त्या अरुंद पण स्थिर राहतात. निलगिरीसारख्या झपाट्याने वाढलेल्या झाडात खोडाच्या आतच ओढ साठलेली असते, आणि पहिली खाप सुटताच उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकू लागतो. तिथे एकाच बाजूने कापत न जाता दर एक-दोन छेदांनंतर ओंडका उलटवावा लागतो. बाभळीसारख्या कठीण लाकडाला दाताचा पुढे झुकण्याचा कोन कमी असलेले पाते हवे, आणि चिकट रस सुटणाऱ्या लाकडाला पात्यावर साबणाच्या पाण्याची बारीक धार. नारळाची तर जातच निराळी, कारण तो एकदल वनस्पती असल्यामुळे त्याच्या खोडात वर्षवलये नसतात, बाहेरचा भाग दगडासारखा घट्ट आणि आतला मऊ असतो, आणि त्यातल्या वाळूसदृश सिलिकेमुळे दातांची धार लवकर जाते; तरीही बाहेरच्या भागाचे चांगले इमारती लाकूड होते, आणि फिलिपिन्समधल्या झांबोआंगा येथील नारळ संशोधन केंद्रात त्यावर पद्धतशीर काम झालेले आहे.

कमी खर्चाची गिरणी या शब्दप्रयोगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. चौकटीचे लोखंड जुने चालते, माथा वर-खाली करायला विजेच्या मोटरीऐवजी हाताने फिरवायचे चाक चालते, ओंडका चढवायला यारीऐवजी दोन फळ्यांचा उतार आणि पहार चालते, रंग नसला तरी चालते. परंतु चार ठिकाणी पैसा वाचवायचा नसतो : पाते, बेअरिंग, चाकांचा समतोल आणि झाकणे. चालू पाते तुटले तर त्याचे टोक कुठल्या दिशेला उडेल हे सांगता येत नाही, म्हणून छेदाच्या जागेखेरीज सर्व पाते आणि दोन्ही चाके जाड पत्र्याच्या पेटीत बंद असलीच पाहिजेत. पेटी उघडी ठेवून गिरणी चालवणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. तसेच इंजिन बंद करण्याचा खटका चालवणाऱ्याच्या हाताशी हवा, ओंडका पक्क्या पकडींनी आवळलेला हवा, आणि घराजवळच्या झाडात जुने खिळे, तारा, हुक रुतलेले असतात हे गृहीत धरून छेदाआधी सालीवरचे निळे-काळे डाग शोधायला हवेत, कारण लोखंडाचा गंज लाकडात तसा डाग सोडतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या विषयाला कायद्याची एक ठळक बाजू आहे, आणि ती यंत्राच्या आधी समजून घेतली पाहिजे. झाड स्वतःच्या जमिनीत असले तरी ते तोडण्यावर महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याचे आणि गोव्यात 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याचे नियंत्रण आहे. शिवाय वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन खटल्यात 1996 पासून सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांमुळे, विशेषतः ऑक्टोबर 2002 च्या आदेशामुळे, देशभर विनापरवाना आरागिरण्या बंद करण्यात आल्या, आणि 2016 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर परवान्यांचा विचार राज्यस्तरीय समित्यांकडे आला. अमेरिकेतला शेतकरी कोठारात गिरणी बांधतो तितक्या सहजपणे इथे ती बांधता येत नाही, आणि यंत्र छोटे आहे किंवा घरापुरते आहे एवढ्याने परवान्याचा प्रश्न सुटला असे मानू नये. वनविभागाकडे लेखी विचारणा करून मगच लोखंड खरेदी करावे. हे नियम जंगल राखण्यासाठी आले आणि त्यांची गरज नाकारता येत नाही. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आंबा, फणस, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा एका दिवसात जमिनीवर आलेले ते लाकूड जागच्या जागी चिरून घेण्याची कायदेशीर आणि स्वस्त सोय बागायतदारांच्या हाती असती तर त्यातले पुष्कळसे त्याच घरांच्या छपरांना लागले असते. एखाद्या सहकारी संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने परवाना घेऊन एक फिरती गिरणी ठेवणे आणि ती वाडीवाडीत फिरवणे हा मार्ग किनारपट्टीच्या गावांनी गांभीर्याने तपासून पाहावा असा आहे. ट्रॉल्या आणि पेरणीयंत्रे बनवणाऱ्या तालुक्याच्या कार्यशाळांत वेल्डिंग, लेथ आणि बेअरिंगचे ज्ञान भरपूर आहे. त्यांना लागेल ती फक्त या यंत्राची नेमकी मापे.

पहिला ओंडका साधा, मऊ आणि गाठी नसलेला निवडावा, आणि त्याचा उपयोग यंत्र तपासण्यासाठीच करावा. माथा खाली उतरवताना फळीच्या जाडीत छेदरुंदीची भर घालायची असते. 25 मिलिमीटरची फळी हवी असेल तर माथा 27 मिलिमीटर उतरतो, म्हणून मोजपट्टीवरच्या खुणाही त्या हिशेबाने कराव्या लागतात. ओंडका उलटवून कापल्यावर पाटावर शेवटी उरलेल्या फळीची जाडी चारही कोपऱ्यांत आणि मधल्या दोन जागी मोजून खडूने फळीवरच लिहावी. एका कडेला लांबीभर जाडी सारखी पण दुसऱ्या कडेहून वेगळी आली तर पाते पाटाला समांतर नाही. दोन्ही टोकांची जाडी जुळून फक्त मधली चुकली तर रूळ पुन्हा तारेने तपासायचा. आणि आकडे कोणत्याच क्रमात बसत नसतील, पृष्ठभागावर लाटा दिसत असतील, तर पाते बोथट आहे, त्याचे दात दोन्ही बाजूंना सारखे फाकवलेले नाहीत, किंवा त्याचा ताण कमी पडतो आहे. या तिन्हींपैकी पाते बदलून पाहणे सर्वांत सोपे असल्यामुळे सुरुवात तिथून करावी.